महिपती वन टू

१४ ऑक्टोबर, मंगळवार

‘से अगेन’ म्हणे! एकदा नाही, तीनदा. इतकं स्पष्ट सांगितलं – पुणे टॉवर, मी तयार आहे, उडू का – तेही त्याच्याच इंग्रजीत, तरी ह्याचं आपलं ‘से अगेन’. शेवटी मी ओरडलो, ‘‘बहिरा आहेस का रे?’’ त्यावरही म्हणतो, ‘से अगेन’. स्वयंपाकघरातून नंदा हसली ते ऐकू आलं.

माणूस असता तर बघून घेतलं असतं. पण हा माणूस नाहीच. कॉम्प्युटरमधलं विमान आणि कॉम्प्युटरमधलाच कंट्रोलर. बटण दाबून धरायचं, माइकमध्ये बोलायचं, प्रोग्राम आपला आवाज ओळखतो आणि मग कंट्रोलर उत्तर देतो. ओळखला तर! माधवीनं हे सगळं मला बसवून दिलं. रिटायर झाल्यावर मी रोज लोणावळा स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायला लागलो ना, म्हणून. ‘‘बाबा, गाड्या बघत बसण्यापेक्षा विमान चालवा.’’ पोरगी माझी, डोकं आईचं.

आज शोधून काढलं, अडतंय कुठं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी ‘ऑल राइट’ म्हणतो. घाटात इंजिन चालवलं, वॉकीटॉकीवर जन्मभर तेच म्हणत आलो. विमानवाले तसं म्हणत नाहीत. प्रोग्राम गोंधळतो.

गोंधळू दे. मी म्हणणार!

१६ ऑक्टोबर, गुरुवार

माधवी तळेगावहून आली. प्रोग्रामला शिकवून गेली की ह्या माणसाच्या ‘ऑल राइट’कडे कानाडोळा करायचा. म्हणजे शेवटी वाकलं कोण? मी नाही.

विमानाचं नावही बदललं. आधी नुसती इंग्रजी अक्षरं होती, म्हणताना माझी बोबडी वळायची. माधवी म्हणाली, हवं ते नाव देता येतं. म्हटलं, मग माझंच दे की! पुढं आकडा लागतो म्हणाली. वन टू दिला – माझ्या शेवटच्या इंजिनाच्या नंबरातले शेवटचे दोन. आता कंट्रोलर म्हणतो, ‘महिपती वन टू, गुड मॉर्निंग’. साहेबी वळणानं म्हणतो, पण म्हणतो.

नंदा दारात येऊन उभी राहिली. हातात लाटणं. ‘‘नावानं हाक मारतोय मेला! ना भाऊ, ना राव. कोण लागतोय तुमचा?’’

नियम साधा आहे. तो जे सांगेल ते जसंच्या तसं परत म्हणायचं आणि शेवटी आपलं नाव लावायचं. नाव लावलं नाही तर तो दाद देत नाही. आकाशात एवढी विमानं, कोण बोलतंय ते त्याला कसं कळणार? शेजारच्या दत्तोबाला हे फार अवघड वाटलं. मला मुळीच नाही. इंजिनात आम्ही दुसरं काय करत होतो? सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं हात वर करून पुकारायचं – ‘हिरवा!’ शेजारच्या असिस्टंटनं तेच परत पुकारायचं – ‘हिरवा!’ दोघांच्या तोंडून आलं तरच खरं.

फरक एवढाच की मी बँकरवर होतो. कर्जतहून वर चढताना गाडीला मागून जी इंजिनं लावतात, ती. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. पुढच्या ड्रायव्हरचा आवाज ऐकायचा आणि ढकलायचं. उभा जन्म मी दुसऱ्याचं ऐकून ढकललंय. आता माझं ऐकायचं लोकांनी!

१८ ऑक्टोबर, शनिवार

‘ऑल राइट’ची तक्रार मिटली तरी ‘से अगेन’ आहेच. दहातली चार वाक्यं फुकट.

आवाज बसलाय, पावसाळ्यापासून बसलाय. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, बाजारातल्या डॉक्टरच्या गोळ्या दोनदा झाल्या. घरातल्यांना सवय झाली माझ्या घोगरेपणाची. माधवी म्हणाली, ‘‘बाबा, प्रोग्राम तोच आहे. तुमचा आवाज बदललाय. मे महिन्यात ‘ऑल राइट’ सोडून ह्यानं तुमचं सगळं ऐकलं होतं.’’

आम्ही सगळ्यांनी चालवून घेतलं. ह्यानं नाही घेतलं. दिवाळीनंतर पुण्याला दाखवायचं ठरलं. मी म्हटलं सर्दी असेल. माधवीनं लगेच फोन करून वेळ घेतली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

आज पोट दुखेपर्यंत हसलो. लिहून ठेवतो.

नंदानं ओवाळलं. संध्याकाळी माधवी आली. जेवणं झाल्यावर तिनं आईला ओढून कॉम्प्युटरपुढं बसवलं. ‘‘आई, तू पण बोल त्याच्याशी.’’

‘‘मी? मला कुटं येतंय इंग्रजी!’’

पण येत होतं! रोज पोळ्या लाटता लाटता ऐकतेय ना. बटण दाबलं आणि शाळेतल्या पाढ्यासारखं घडाघडा – ‘‘पुणे टॉवर, रेडी फॉर डिपार्चर, रनवे टू एट...’’ मी थक्क! आणि तिथंच थांबली. पुढं नाव घ्यायचं होतं. बटण दाबलेलं, तोंड उघडं, शब्द नाही. मग म्हणाली, ‘‘आपलं... हे... ह्यांचं वन टू.’’

कंट्रोलर म्हणाला, ‘से अगेन.’

माधवी हसत हसत खाली बसली. ‘‘आई, बाबांचं नाव घ्यावं लागतं गं. त्याशिवाय त्याला कळत नाही कोण बोलतंय.’’

‘‘त्याला न्हाई कळलं तर ऱ्हायलं. समद्या वलवण गावाला कळतंय की.’’

लग्न झाल्यापासून नंदानं माझं नाव तोंडातून काढलेलं नाही. तिच्या आईनं टाकव्याहून पाठवणी करताना बजावलं होतं – नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. उखाण्यात चालतं म्हणे. चार बायकांत, यमक जुळवून, पुढं ‘राव’ लावून. उघडं नाव नाही. मी पुष्कळदा चिडवलं, ती बधली नाही.

पण हार मानेल ती नंदा कसली! पदर सावरला, परत बटण दाबलं आणि ठणकावून सांगितलं –

‘‘इंद्रायणीच्या काठी भात लोंबीला आला,
महिपतरावांचं नाव घेते, रस्ता द्या विमानाला!’’

कंट्रोलरनं उखाणा ऐकून घेतला. मग – ‘से अगेन.’

‘‘उखाणा परत घेत न्हाई कुणी,’’ तिनं त्याला सुनावलं आणि ताटं उचलायला गेली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याला जाऊन आलो. नाकातून नळी घालून घसा बघितला. पडद्यावर मलाही दाखवला. एक तुकडा तपासायला काढून घेतला.

तरुण डॉक्टर. पहिला प्रश्न – ‘‘तंबाखू? विडी?’’ नाही म्हटलं. ‘‘आधी कधी?’’ नाही. ‘‘नक्की?’’ मी उठून उभा राहिलो. आयुष्यात सुपारीच्या खांडाच्या वर काही चघळलं नाही, आणि हा माझी उलटतपासणी घेतो! माधवीनं सदऱ्याला धरून खाली बसवलं.

मी आत होतो तेव्हा काउंटरवर गंमत झाली म्हणे. क्लार्क बाईंनी नंदाला विचारलं, ‘‘पेशंटचं नाव?’’ नंदा म्हणाली, ‘‘हे आत गेल्यात त्यांचं.’’ ‘‘हो काकू, पण नाव?’’ ‘‘लिवलंय की कागदावर.’’ कागद माधवीकडे, माधवी गाडी लावायला गेलेली. मागं रांग. नंदा जागची हलली नाही, नावही घेतलं नाही. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, थांबा बाई, माझ्या घरी पण अशीच आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कॅन्सर. स्वरयंत्राचा.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

डॉक्टर म्हणाले स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. आजार पुढं गेलाय, नुसत्या किरणांच्या शेकानं भागणार नाही. गळ्याला पुढून भोक पाडतील, श्वास तिथून घ्यायचा. ‘‘जेवाल, चालाल, सगळं कराल. बोलणं मात्र...’’ मग कुठल्या कुठल्या यंत्रांची नावं सांगितली.

मी विचारलं, ‘‘आणि नाही काढलं तर?’’

त्यांनी सरळ सांगितलं. तेवढं बरं केलं.

मी म्हटलं, नाही काढायचं. नाही म्हणजे नाही! आता कुठं बोलायला लागलो होतो मी. घाटात कुणी माझा आवाज ऐकला? पुढचा सांगेल तेव्हा जोर लाव, सांगेल तेव्हा सोड. घरी आलो की झोप, उठलो की ड्यूटी. आता बोलतोय, कुणीतरी मला ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकलं’, म्हणतंय, आणि नेमका तोच कापून देऊ? 

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बातमी फुटली. माणसं यायला लागली. कुणी केळी आणतं, कुणी अंगारा. सगळ्यांच्या आवाजात एकच गोडवा. मी काय मेलोय?

दत्तोबानं कॉम्प्युटर बघितला आणि मान हलवली. ‘‘भाऊ, ह्ये पोरासोरांचे खेळ सोडा आता. त्येवढ्या तोंडानं देवाचं नाव घ्या.’’

मी माइक हातात घेतला आणि त्याच्यादेखत पुण्याहून उडालो. घसा खरवडून निघाला. उड्डाणाची परवानगी चौथ्यांदा मागितल्यावर मिळाली, पण मिळाली. दत्तोबा केळं सोलून खात बसला. त्यानंच आणलेलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

माधवी रडून गेली. मी नाहीच म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

नंदा इतके दिवस गप्प होती. आज भात झोडायला टाकव्याला गेली नाही, भावाला येणार नाही म्हणून फोन केला. सुगीत ती माहेरच्या खळ्यावर गेली नाही असं कधी झालं नाही. माझ्यासमोर येऊन बसली.

‘‘न्हाई म्हणालात म्हणं डाक्टरला.’’

मी म्हटलं, आवाज देणार नाही.

‘‘बरं. नका दिऊ.’’ पुढं सरकली. ‘‘पण एक सांगा. आवाज ऱ्हाणार आन माणूस जाणार. मग त्यो आवाज ऱ्हायचा कुटं? तुमी गेल्यावर मी त्याचं काय करू?’’

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

‘‘तुमी तसं बी कवा बोललात माझ्याशी? ड्यूटीवरनं यायचं आन झोपायचं. मी तुमच्या घोरण्यावर संसार केलाय. मला आवाज नगं. तुमी पायजे.’’

रडली नाही. उठून चहा ठेवायला गेली. मी तिथंच बसून राहिलो आणि मला रडू आलं.

संध्याकाळी माधवीला फोन केला. सांग डॉक्टरला, काढा. पण त्याआधी मला एक फेरी करायची आहे. पुण्याहून उडायचं, लोणावळ्यावरून, आमच्या घाटावरून, आणि मुंबईला उतरायचं. बोलण्याऐवजी कीबोर्डवरची एकही की दाबायची नाही, सगळं बोलणं माझ्या तोंडानं. मग कापा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ऑपरेशनची तारीख मिळाली. अठराला दाखल व्हायचं.

सकाळी वाफ घेतली की थोडा वेळ आवाज बरा असतो. म्हणून बाकी बोलणं बंद. घरात पाटी-पेन्सिल आणली, माधवीच्या लहानपणीची माळ्यावर होतीच. ‘चहा.’ ‘मीठ कमी.’ ‘नको.’ सगळं पाटीवर. आवाज फक्त विमानासाठी.

घाटापर्यंत पोचलो आज. खंडाळ्याच्या पुढं डोंगर एकदम खाली पडतात, तिथं मी न बोलता नुसता बघत राहिलो. ज्या चढावर इंजिन धापा टाकायचं तो वरून अगदी साधा दिसतो. वलवणचं धरण दिसलं, निळा ठिपका. नंदाला पाटीवर लिहून दाखवलं – आपलं गाव. ती वाकून बघायला लागली. ‘‘गच्चीवर धुणं वाळत घातलंय. दिसतंय का बगा.’’

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भांडण झालं. म्हणजे तिनं केलं, मी पाटीवर.

‘‘एवढासा आवाज उरलाय तुमचा. आन त्यो बी त्या मेल्याला? त्याला घर ना दार. मला निस्ती पाटी!’’

मी लिहिलं – चार दिवस.

‘‘चार दिवसांनी काय ऱ्हातंय?’’

तिचं बरोबर आहे, कळतंय मला. पण मागं हटणार नाही. घाटात गाडी अर्ध्यात सोडून कुणी उतरत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज केली फेरी.

माधवी शेजारी बसली, नंदा दारात. वाफ घेतली, गरम पाणी प्यालो. पुणे टॉवरनं पहिल्याच हाकेला ओ दिली. ‘महिपती वन टू, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ.’ तळेगाव मागं पडलं, वडगाव, कार्ला, मग आमचं धरण. घाट उतरलो. मुंबईच्या कंट्रोलरनं खाली यायला सांगितलं, मी परत म्हटलं, त्यानं मान्य केलं. आणखी खाली. परत म्हटलं. आवाज फाटत चालला होता, पण चालला होता. समोर धावपट्टी दिसायला लागली. सरळ, मोकळी.

‘महिपती वन टू, रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड टू लँड.’

बटण दाबलं. आणि काही आलं नाही! नुसती हवा. शिट्टीसारखी.

‘से अगेन.’

परत दाबलं. ‘‘क्लि...’’

‘से अगेन.’

धावपट्टी जवळ येतेय. माधवी कुजबुजली, ‘‘बाबा, की दाबा ना. मी दाबते, एकच की आहे, तो ऐकेल.’’ मी तिचा हात ढकलला. तिसऱ्यांदा दाबलं. गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो. मला माझंच ऐकू आलं नाही.

‘महिपती वन टू, गो अराउंड.’

म्हणजे उतरू नकोस, परत वर जा. मी हातातली जॉयस्टिकची काठी ओढली. विमान मुंबईवरून पुढं समुद्रावर गेलं. मग माधवीनं कॉम्प्युटर बंद केला.

नंदा दारातून हलली होती. स्वयंपाकघरात नळ उगाच चालू होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आवाज सकाळी थोडासा परत आला. कॉम्प्युटर लावला नाही. जो काय उरला होता तो नंदाला दिला. काय बोललो ते इथं लिहिणार नाही.

उद्या दाखल.

४ डिसेंबर, गुरुवार

पेन धरता येतं. आहे मी.

७ डिसेंबर, रविवार

घरी आलो. नाकातली जेवणाची नळी काल काढली. गळ्यावर कापडाचा पडदा, त्याच्या आत भोक. खोकला आला की तिथून येतो. पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा आरशाला जीभ दाखवली. ती आहे अजून!

दवाखान्यात रोज नवी नर्स यायची, गोळी देण्याआधी विचारायची, ‘‘पेशंटचं नाव?’’ मी बोलू शकत नाही. नंदा बोलू शकते, बोलत नाही. माझं मनगट उचलून नावाची पट्टी दाखवायची. एक मल्याळी नर्स समजली की आम्ही दोघंही मुके आहोत. नंदाशी खाणाखुणांनी बोलायला लागली. नंदा पण मग तिच्याशी खाणाखुणांनीच बोलायला लागली!

१४ डिसेंबर, रविवार

दत्तोबा येऊन गेला. माझ्याशी मोठ्यानं बोलतो. गळा गेलाय, कान नाही. पाटीवर तसं लिहिलं. मग आणखी मोठ्यानं हसला.

दुपारी पडल्या पडल्या एक ध्यानात आलं. माधवी बाबा म्हणते. दत्तोबा भाऊ म्हणतो. नंदा अहो. माझ्या नावानं मला हाक मारणारं वलवणात कुणी नाही. एक तो कंट्रोलर मारायचा.

२८ डिसेंबर, रविवार

माधवीनं गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र आणलं. दाबलं की घूं घूं करून शब्द निघतात. आधी नंदाला हाक मारली. ती दचकली, मग हसली, मग म्हणाली, ‘‘जाऊ द्या, पाटीच बरी.’’ डॉक्टर म्हणतात सरावानं जमेल. करीन सराव.

ते घेऊन कॉम्प्युटरपुढं बसलो. ‘‘घूं घूं महिपती वन टू.’’

‘से अगेन.’

यंत्राला यंत्राची भाषा कळेना! माधवी म्हणाली, बाबा, नुसत्या की दाबूनही सगळं बोलता येतं, कंट्रोलरला फरक पडत नाही. मला पडतो. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं – नाही.

१० जानेवारी, शनिवार

आज राहवलं नाही. विमान लावलं, पुण्याच्या धावपट्टीशी नेऊन उभं केलं, आणि तसाच बसलो. बोलायचं नाही, उडायचंही नाही. काचेबाहेर बघत बसायचं. स्टेशनच्या बाकावर बसायचो तसं.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं. ‘महिपती वन टू, से इंटेन्शन्स.’ म्हणजे तुझा बेत काय? मी काय सांगणार!

परत विचारलं. महिपती वन टू. परत.

नंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘अहो, बोलावतोय त्यो.’’

मी पाटी उंच धरली – बोलावू दे.

‘‘असं कसं? कुणी इतक्यांदा नाव घिऊन बोलावतंय, आन जवाब न्हाई द्यायचा?’’

तिनं दारातून माझ्याकडं बघितलं.  मग आत गेली.

११ जानेवारी, रविवार

सकाळी नंदा खुर्ची ओढून माझ्या पुढं बसली आणि माइक स्वतःकडं वळवून घेतला. मला म्हणाली, ‘‘तुमी काठी धरा.’’ मी पाटी घ्यायला लागलो. ‘‘लिवू नका काय. मला समदं म्हाईत हाय. हात वर करा निस्ता, मी पुकारते.’’

मी मागून हात वर केला. तिनं बटणावर बोट ठेवलं, दाबलं नाही. माझ्या गळ्यावरच्या कापडाकडं बघितलं.

‘‘इतकी वर्सं न्हाई घेतलं,’’ म्हणाली. ‘‘तरी ह्ये झालंच. मग आता घेते. बगू काय करतंय!’’

दाबलं.

‘‘पुणे टॉवर, महिपती वन टू, रेडी फॉर डिपार्चर. ऑल राइट.’’

राव नाही, यमक नाही. त्यानं पहिल्या फटक्यात ऐकलं आणि उडायची परवानगी दिली. आणि मला जन्मात पहिल्यांदा वाटलं, म्हणावं ह्यानं एकदा – से अगेन.